मुकुरूतल्या मुलांचे जन्मदाखले

केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर आला की माझ्याकडे विचारणा सुरू होते. पुण्याहून, नाशकाहून, दुबईहून, इथल्याच नैरोबीतल्या पार्कलँड्स भागातून. "ताई, तुमच्या त्या शाळेतल्या मुलांना काय पाठवू? दप्तरं पाठवू का? स्वेटर?" विचारणाऱ्यांची कळकळ खरी असते, आणि दप्तरं लागतातच, त्यामुळे मी नाही म्हणत नाही. पण हल्ली आधी एक सांगते. आम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे ती मुलांचे जन्मदाखले काढायला जाणाऱ्या त्यांच्या आयांच्या बसभाड्याची, आणि सरकारी कार्यालयात त्यांच्याबरोबर जाऊन उभी राहणाऱ्या, आमच्याच शाळेत शिकलेल्या एका मुलीच्या पगाराची. हे ऐकून बरेच जण गोंधळतात. बसभाड्याचा फोटो कुणाला काय दाखवणार? म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

मुकुरू ही नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियाला लागून असलेली वस्ती. क्वा न्जेंगा, क्वा रूबेन, विवांदानी असे तिचे मोठे भाग आहेत. मधून न्गाँग नदी जाते, ती इथवर येते तेव्हा कारखान्यांच्या सांडपाण्याने काळी झालेली असते. माझा नवरा एन्टरप्राइज रोडवरच्या एका पॅकेजिंग कंपनीत आहे. इथले कितीतरी कारखाने गुजराती मालकांचे, आणि आत मशीनवर, मेंटेनन्सला, हिशेबाला आपली मराठी मंडळीही बरीच. सकाळी उजाडायच्या सुमाराला मुकुरूतून माणसांची रीघ लागते आणि या कारखान्यांच्या फाटकांशी येऊन थांबते. आज रोजंदारीवर किती जण घ्यायचे ते फाटकातच ठरतं, उरलेले परत फिरतात. आम्ही इथे आलो तेव्हा कितीतरी महिने मी ही माणसं फक्त गाडीच्या काचेतून पाहिली. त्यांची मुलं दिवसभर कुठे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

या जमिनीचा बराच भाग ऐंशी-नव्वदच्या दशकांत लहान उद्योगांसाठी म्हणून खासगी लोकांना भाडेपट्ट्याने दिला गेला. कारखाने झाले नाहीत, पत्र्याच्या खोल्या मात्र होत गेल्या. दहा बाय दहाची खोली, भाडं दर महिन्याला, पाणी वीस लिटरच्या कॅनने विकत. जमीन कागदोपत्री खासगी असल्यामुळे वस्ती कितीही वाढली तरी तिच्या मानाने सरकारी शाळा आल्या नाहीत. २०१७ मध्ये मुकुरूला विशेष नियोजन क्षेत्र जाहीर केलं, त्यानंतर काही रस्ते आणि दवाखाने झाले, ते चांगलेच झाले. पण शाळांची टंचाई आहे ती आहेच. केनियात प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे. तरी मुकुरूतली बहुसंख्य मुलं अनौपचारिक शाळांत जातात, कारण सरकारी शाळा लांब, वर्ग तुडुंब, आणि मोठे रस्ते ओलांडून पाच वर्षांच्या पोराला रोज कोण सोडणार?

आमची शाळा अशीच एक. पत्र्याच्या भिंती, मातीवर सिमेंटचा पातळ थर, पावसाळ्यात शिकवणारीचा आवाज मुलांपर्यंत पोचत नाही इतका पत्रा वाजतो. मुख्याध्यापिका बाईंनी ती एका चर्चच्या आवारात चार बाकांवर सुरू केली. संस्था म्हणावी तर अगदी लहान: त्या स्वतः, एक निवृत्त नर्स, वस्तीतला एक शिंपी, दोन-तीन पालक आणि हिशेबाला मी. मी मुळात अकाउंटंट, त्यामुळे कुणीतरी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात ओळख करून दिली आणि वह्या माझ्याकडे आल्या. नर्सबाई वस्तीतल्याच जुन्या, अर्ध्या मुकुरूला त्यांनी लशी टोचलेल्या. दुपारचं जेवण, शिक्षिकांचं तुटपुंजं मानधन, खडू-वह्या, एवढं आम्ही भागवतो. जेवण म्हणजे बहुतेक दिवस गिथेरी, म्हणजे मका आणि राजमा एकत्र शिजवलेला. नैरोबी काउंटीने २०२३ पासून पाच शिलिंगांत शाळेच्या जेवणाची योजना सुरू केली, ती उत्तम चालते, पण ती सरकारी शाळांसाठी. आमचं पातेलं आमचंच.

तर जन्मदाखल्यांचा प्रश्न माझ्यासमोर आला तो २०२३ च्या सुरुवातीला, जेवणाचा हिशेब चालू असताना. बाईंनी मक्याच्या पावत्या बाजूला सारल्या आणि सहावीचा आणि आठवीचा हजेरीपट पुढे ठेवला. काही नावांपुढे लाल पेनाने टिंब होतं. मला वाटलं फी थकली असेल. त्या म्हणाल्या, "मॅडम, या मुलांना मी शिकवू शकते, पण पुढे पाठवू शकत नाही."

त्या वर्षी इथल्या शिक्षणात दोन गोष्टी एकदम चालू होत्या. आठवीनंतरची जुनी परीक्षा, केसीपीई, शेवटची होती. आणि नव्या अभ्यासक्रमातली सहावीअखेरची केपीएसईए, जी २०२२ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा झाली होती, ती दुसऱ्यांदा होणार होती. दोन्हींसाठी नाव नोंदवायचं तर जन्मदाखल्याचा क्रमांक मागत होते. शिवाय शिक्षण खात्याची तेव्हा नेमिस नावाची ऑनलाइन व्यवस्था होती, तिच्यात प्रत्येक मुलाला एक ओळख क्रमांक मिळायचा. दाखला नसेल तर तो क्रमांक मिळत नसे, क्रमांक नसेल तर सरकारी माध्यमिक शाळेत नाव लागताना अडायचं. वर्गात रोज हजर असणारं, पाढे तोंडपाठ असणारं मूल या यंत्रणेच्या दृष्टीने कुठेच नसतं.

दाखले का नव्हते? मी आधी समजले की आईबापांनी हयगय केली असेल. एकेका आईशी बोलत गेले तसं कळलं की प्रत्येक कोऱ्या रकान्यामागे पैशाची किंवा आपत्तीची गोष्ट आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत झालं ते जून २०१३ पासून. आमची ही मुलं त्याच्या आधीची. त्यांच्या आयांनी खर्चाच्या भीतीने घरीच, शेजारच्या सुईणीच्या हातून बाळंतपण उरकलेलं. काहीजणी रुग्णालयात गेल्या, पण बिल भागवता आलं नाही म्हणून जन्माच्या सूचनेचा, म्हणजे बाळ जन्मल्याचा रुग्णालयाचा कागद तिथेच राहिला. काहींकडे सगळं होतं आणि गेलं. मुकुरूत आगी लागतात, त्यात पत्र्याच्या खोल्यांची अख्खी ओळ काही मिनिटांत जाते. २०११ च्या सप्टेंबरात शेजारच्या सिनाई वस्तीत पेट्रोलच्या वाहिनीतून गळती होऊन आग लागली, शंभरावर माणसं गेली. २०२१ च्या शेवटी क्वा न्जेंगात रस्त्यासाठी पाडापाडी झाली, हजारो लोक उघड्यावर आले. माणूस तेव्हा आधी लेकरू उचलतो, मग गादी, मग शेगडी. कागदाची पिशवी कुठे ठेवली हे आठवेपर्यंत बुलडोझर पुढे गेलेला असतो.

केनियात जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत नोंद व्हावी लागते. त्यानंतर ती उशिराची नोंदणी, आणि तिला पुरावे लागतात: आईबापांची ओळखपत्रं, लसीकरणाचं कार्ड किंवा बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचं पत्र, चीफचं पत्र. चीफ म्हणजे आपल्याकडच्या तलाठी-तहसीलदाराच्या मधला कुणीतरी म्हणा. सरकारी नोकर, पण वस्तीत बसणारा. त्याच्या हाताखाली असिस्टंट चीफ, आणि त्यांना माणसं ओळखून सांगणारे गल्लीतले वडीलधारे. चीफचा शिक्का पडल्याशिवाय पुढच्या कार्यालयाची पायरी चढून उपयोग नाही.

एका रविवारी, प्रार्थना संपल्यावर, बाईंनी त्या सगळ्या आयांना शाळेत बोलावलं. येताना घरात जे काही कागद असतील ते घेऊन या, असा निरोप होता. मी फाइली, पंचिंग मशीन आणि एक वही घेऊन बसले होते. त्या दुपारी मी जे पाहिलं त्याने माझं या कामाबद्दलचं मत पालटलं. प्रत्येकीने काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, बिस्किटाच्या डब्यात, एकीने तर साडेतीन हात लांब कापडात गुंडाळून, आपलं सगळं आयुष्य आणलं होतं. दवाखान्याची कार्डं, ज्यांच्या कडा उंदरांनी खाल्लेल्या. लशीच्या तारखा पुसट निळ्या शाईत. एका कार्डावर मुलाचं नावच नव्हतं, 'बाळ' एवढंच, पण वजन दर महिन्याला नोंदलेलं होतं, रेघ वर चढत गेलेली. ती आई म्हणाली, "नाव नंतर ठेवलं, पण एकही लस चुकवली नाही." नर्सबाईंनी ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. अक्षर त्यांच्याच जुन्या दवाखान्यातल्या सहकारणीचं होतं. ते कार्ड पुढे त्या मुलाच्या अर्जातला सगळ्यात भक्कम पुरावा ठरलं.

संध्याकाळपर्यंत चार गठ्ठे झाले. पहिल्यात सगळं होतं, फक्त कार्यालयात कुणी गेलं नव्हतं. दुसऱ्यात एखादा कागद कमी. तिसऱ्यात जन्म नैरोबीबाहेर, गावाकडे. चौथ्यात आईच नव्हती.

पहिला गठ्ठा सोपा असेल असं वाटलं होतं. तेव्हा दाखल्याची फी ५० शिलिंग होती, म्हणजे तीसेक रुपये. मग एवढी वर्षं कुणी का काढला नाही? याचं उत्तर एका आईने माझ्या वहीत बोटाने दाखवत हिशेब करून दिलं. जायला-यायला मटाटूचं, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसचं भाडं. झेरॉक्स. त्या दिवसाची धुण्याची किंवा फॅक्टरीतली मजुरी बुडाली, चार-पाचशे शिलिंग. पहिल्या खेपेला फॉर्म मिळतो. दुसऱ्या खेपेला तो भरून घेतात, पण वडिलांच्या ओळखपत्राची प्रत हवी म्हणतात. तिसऱ्या खेपेला ज्याची सही हवी तो बैठकीला गेलेला. दाखला तीस रुपयांचा, आणि तो मिळवायला घरातलं चार दिवसांचं पीठ जातं. शिवाय दोनदा गैरहजर राहिली तर फाटकात तिसऱ्या दिवशी तिला घेतील याची खात्री नाही. गरिबाला कागदाची किंमत कळत नाही असं आपल्यातलेच सुशिक्षित लोक सहज बोलून जातात, ते ऐकलं की आता माझ्याने गप्प बसवत नाही. त्या बायकांना ती किंमत पैशापैशाने ठाऊक होती.

तिथेच ठरलं की यासाठी माणूस हवा. आमच्याच शाळेतून शिकून पुढे फॉर्म फोर, म्हणजे माध्यमिक शाळेचं शेवटचं वर्ष पूर्ण केलेली एक मुलगी होती, काम शोधत होती. तिला अर्धवेळ पगारावर घेतलं. संस्थेच्या बैठकीत यावर वाद झाला, कारण त्या पैशात दोन वर्गांची जमीन नीट झाली असती. माझं मत स्पष्ट होतं आणि आजही आहे: जमीन पुढच्या वर्षी होईल, आठवीतलं पोर पुढच्या वर्षी आठवीत नसेल. त्या मुलीने पहिल्याच महिन्यात दाखवून दिलं की असा माणूस काय करू शकतो. कोणत्या दिवशी गर्दी कमी, कुठल्या खिडकीवर काय लागतं, ऑनलाइन अर्ज भरताना कुठली चूक केली की परत येतो, हे सगळं तिने एका वहीत उतरवलं. आई कामावर असतानाच ती पुढची रांग धरून ठेवायची आणि फक्त सहीपुरतं आईला बोलवायची. मजुरी बुडालीच तर आम्ही एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून तेवढे पैसे पाठवायचो, त्याच दिवशी संध्याकाळी, म्हणजे चूल थांबायची नाही.

कार्यालयांच्या बाहेर दलाल असतात, जसे आपल्याकडे आरटीओबाहेर असतात. दोन आयांनी पूर्वी त्यांना पैसे देऊन दाखले घेतले होते, शिक्का-बिक्का सगळं व्यवस्थित. क्रमांक टाकून पाहिला तर तो भलत्याच कुणाचा. त्या दोघी एवढ्या घाबरल्या की आपल्यालाच तुरुंगात टाकतील म्हणून पुढे यायलाच तयार होईनात. त्यांना समजावण्यात आमच्या त्या मुलीचे किती तरी दिवस गेले. ती म्हणायची, "माझ्या आईनेही असाच घेतला होता, मग खरा काढला, बघ माझ्याकडे." वस्तीतलीच मुलगी होती म्हणून हे तिला म्हणता आलं. मी बोलले असते तर त्यांना ते सरकारी बोलणं वाटलं असतं.

दुसऱ्या गठ्ठ्यातला मोठा भाग बापाच्या नावाचा होता. लग्न झालेलं नसेल तर वडिलांच्या रकान्यात पूर्वी फुल्या मारत. २०१६ मध्ये इथल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मुंबी न्गुगी यांनी निकाल दिला की अविवाहित आईच्या मुलाच्या दाखल्यावर बापाचं नाव अडवणारं कलम घटनेच्या विरोधात आहे. निकाल माझ्या दृष्टीने फार मोलाचा. पण आयांच्या मनात त्या फुल्या घट्ट बसल्या होत्या. "पोराला शाळेत सगळ्यांसमोर ते दाखवावं लागेल, त्यापेक्षा दाखलाच नको," असं एकीने मला सरळ सांगितलं. बापाचं नाव लावायचा हक्क आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हक्क कळल्यावरही बाप सापडायला हवा, त्याच्या ओळखपत्राची प्रत हवी. काही बाप फोनवर हो म्हणाले आणि आले नाहीत. काही मात्र आले, कामावरून थेट, सिमेंटने पांढरे झालेल्या हातांनी, आणि सही करून न बोलता निघून गेले.

वयाचाही घोळ होता. शाळेच्या पटावर जन्मतारीख असायची, पण ती भरती करताना कुणीतरी अंदाजाने लिहिलेली. आपल्याकडे एक जूनला जन्मलेली पिढीच्या पिढी आहे, गुरुजींनी शाळेत घालताना जन्माला घातलेली. माझे वडील त्यातलेच, त्यामुळे मला हे चटकन कळलं. पण आता संगणक विचारतो, आणि पटावरची तारीख आणि लशीच्या कार्डावरची तारीख जुळली नाही तर अर्ज परत. ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं त्यांना सरकारी डॉक्टरांकडून वयाचा अंदाज लिहून आणावा लागला.

तिसऱ्या गठ्ठ्यातली मुलं गावाकडे जन्मलेली, आणि नोंद जिथे जन्म तिथेच व्हायला हवी. मुकुरूत कांबा लोक बरेच, त्यांची गावं मचाकोस, किटुई, माकुएनीकडे. आमची मुलगी एका आईला आणि तिच्या लेकीला घेऊन किटुईला निघाली तेव्हा मीही बरोबर गेले. पैसे खरंच कुठे जातात ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं. नैरोबीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि मुख्य रस्ता सोडल्यावर पुढे मोटरसायकल. कोरडा, लालसर मुलूख, मधूनच बाओबाबची प्रचंड खोडं. सोलापूरकडच्या माणसाला परकं वाटणार नाही असं ऊन.

असिस्टंट चीफ अंगणात झाडाखाली टेबल टाकून बसले होते. त्यांनी कागद पाहिले, लसीचं कार्ड नाही म्हणून मान हलवली, आणि मग कुणाला तरी पाठवून बाळंतपण केलेल्या सुईणीला बोलावून घेतलं. ती आली, काठी टेकत. तिने मुलीला जवळ घेऊन तिच्या कानामागे पाहिलं. तिथे एक डाग होता, तो तिला आठवत होता. साल कुठलं, असं चीफनी विचारलं. साल तिला सांगता येईना. पण ती म्हणाली की मोठ्या दुष्काळानंतरचा पहिला पाऊस नुकताच लागला होता, ओढ्याला पाणी आलं होतं म्हणून ती फेऱ्याने चालत आली होती. २०११ चा पूर्व आफ्रिकेतला दुष्काळ सगळ्यांना माहीत, आणि त्या वर्षीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात आला. माझी आजी घरातले सगळे जन्म-मृत्यू बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडे की पलीकडे असे सांगायची, तेव्हा त्या म्हातारीचं म्हणणं मला अगदी ओळखीचं वाटलं. चीफनी तिचा जबाब लिहून घेतला, तिने अंगठा दिला. त्या भल्या माणसाने आम्हाला परत 'उद्या या' म्हटलं नाही, दिवस मावळायच्या आत पत्र हातात दिलं. दाखला यायला पुढे वेळ लागला, पण अडलेली गाडी तिथेच पुढे सरकली.

चौथ्या गठ्ठ्याबद्दल लिहिणं जड जातं. आई वारलेली, बाप माहीत नाही किंवा तोही गेलेला, आजी सांभाळते. आजीने अर्ज करायचा तर आईचा मृत्यूदाखला हवा. मृत्यूदाखल्यासाठी दफनाचा परवाना हवा. तो परवाना मिळाला होता, पण प्रेत गावी नेताना वाटेत पोलिसांना दाखवायला कुणा चुलत्याकडे दिला, आणि तो चुलता आता मोम्बासाला. एका आजींची ही साखळी उलगडताना आम्ही सगळे मेटाकुटीला आलो. एक कागद दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, आणि प्रत्येकाचं कार्यालय वेगळं. प्रत्येक खिडकीवर त्या आजींना लेकीच्या मरणाची तारीख पुन्हा सांगावी लागायची. ती तारीख नंतर नंतर आमची मुलगीच त्यांच्या वतीने सांगायची. कागद चढवणं, फी भरणं हे कुणीही करेल. आजींना ती तारीख पुन्हा उच्चारावी लागू नये हे तिला सुचलं, यासाठी मला तिचा फार अभिमान वाटतो.

त्या वर्षी लाल टिंबांपैकी बहुतेक पुसली गेली. आमची शाळा परीक्षा केंद्र नाही, मुलं जवळच्या नोंदणीकृत केंद्रावर बसतात, त्यामुळे दोन शाळांमधला पत्रव्यवहार हे वेगळंच प्रकरण होतं, ते इथे लिहीत नाही. ज्यांचे दाखले वेळेत आले नाहीत त्यांच्यासाठी बाई अर्जांच्या पावत्या घेऊन शिक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन बसल्या आणि नावं घालून घेतली. दाखले नंतर आले. आले की बाई ते मुलाच्या हातात न देता आईच्या हातात देतात आणि एक प्रत शाळेच्या लोखंडी पेटीत ठेवतात. आणखी एक प्रत स्कॅन करून माझ्याकडे. आग लागली, पाडापाडी झाली, तरी आता त्या मुलाचं नाव तीन ठिकाणी असतं.

२०२४ मध्ये दाखल्याची फी ५० वरून २०० शिलिंग झाली. त्यानंतर आम्ही कामाची दिशाच बदलली. बालवाडीत मूल आलं की पहिल्याच आठवड्यात जन्माच्या सूचनेची पावती विचारतो. आणि नर्सबाई पोटुशी आयांना गाठून सांगतात की दवाखान्यातून निघताना तो कागद घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि घरीच बाळंत झालीस तर सहा महिने उलटायच्या आत आमच्याकडे ये. सहावीत येऊन धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. पण याला देणगीदार मिळवणं अवघड जातं, कारण दाखवायला काही नसतं. एका मोठ्या मनाच्या गृहस्थांनी शाळेच्या भिंतींवर चित्रं काढून द्यायची तयारी दाखवली होती. मी त्यांना हात जोडून म्हटलं की याच पैशात आमच्या मुलीचा वर्षाचा पगार निघेल. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. असे लोक भेटतात, म्हणून चाललं आहे.

सगळ्यांचं झालं असं नाही. सध्या दोन सख्ख्या भावांचं प्रकरण अडलं आहे, कारण त्यांच्या आईकडेच ओळखपत्र नाही. तिचे आईवडील ती लहान असताना गेले, कुणी नोंद केली नाही, आणि ओळखपत्र काढायला आता तिच्या आईवडिलांची ओळखपत्रं मागतात. एका पिढीचा न निघालेला कागद दुसऱ्या पिढीच्या गळ्यात पडला आहे. तिची एक मावशी युगांडाच्या सीमेवरच्या बुसियाला राहते, ती रक्ताचं नातं सांगणारा जबाब द्यायला तयार झाली आहे. थोरला भाऊ पुढच्या वर्षी सहावीत जाईल. मावशीशी आमच्या मुलीचं फोनवर बोलणं झालं, मक्याची काढणी उरकली की येते म्हणाली.